रकान्यातले शून्य

गेल्या मार्चमधल्या एका दुपारी मी एका बाईंच्या कागदावर, अगदी खालच्या रकान्यात, निळ्या शाईने शून्य लिहिले. पश्चिम फिलाडेल्फियातल्या ज्या लहानशा दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून काम करते, तिथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला बालपणाविषयी दहा प्रश्न विचारण्याचा प्रघात आहे. वयाच्या अठराव्या वर्षाआधी घरात कोणी मारहाण करत असे का, कोणी नशेच्या आहारी गेले होते का, कोणी तुरुंगात होते का, आईवडील विभक्त झाले का, पोटभर जेवण आणि धुतलेले कपडे मिळत का, असे ते प्रश्न. प्रत्येक 'हो'चा एक गुण धरायचा आणि शेवटी बेरीज करायची. बाई पन्नाशीच्या होत्या, कृष्णवर्णीय, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या. कामावरून थेट आल्या होत्या आणि त्यांच्या बाह्यांना तळणाचा वास येत होता. महिनाभरापूर्वी त्यांच्या भाच्याला रस्त्यात गोळी लागली होती. तो वाचला, पण यांची झोप गेली ती गेलीच. मी प्रश्न वाचत होते आणि त्या 'नाही' म्हणत होत्या, दहाही वेळा. बाहेरच्या बोळात सुरक्षारक्षकाचा वॉकीटॉकी अधूनमधून खरखरत होता आणि प्रत्येक खरखरीला त्यांचे वाक्य मधेच थांबत होते, मान किंचित मागे वळत होती, कारण दार त्यांच्या पाठीशी होते. हे माझ्या लक्षात आले नाही असे नाही. मी समासात 'एकाग्रता कमी' असे टिपूनही ठेवले. मग बेरीज केली, शून्य लिहिले आणि मनापासून बरे वाटून म्हणाले, "तुमचे बालपण चांगले गेले म्हणायचे." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "माझ्या आईवडिलांनी कशाची उणीव भासू दिली नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आमच्याकडे पिअर स्पेशालिस्ट म्हणून, म्हणजे स्वतः त्यातून गेल्यामुळे रुग्णांना समदुःखी म्हणून आधार देण्याचे, काम करणारे गृहस्थ दाराशी आले. दार उघडेच होते, तरी त्यांनी चौकटीवर टकटक केली. ते साठी उलटलेले, याच भागात वाढलेले आहेत. नशा सोडून त्यांना अठ्ठावीस वर्षे झाली, आणि त्याआधीची काही वर्षे त्यांनी तुरुंगात आणि मनोरुग्णालयात काढली आहेत. तो अनुभव हीच त्यांची या नोकरीसाठीची पात्रता. त्यांनी बाईंना नावाआधी 'मिस' लावून हाक मारली. मी तासाभरापासून त्यांना नुसत्या पहिल्या नावाने हाक मारत होते, कारण कागदावर तसे छापले होते आणि या देशात सगळेच तसे बोलतात हे मी इथे आल्याआल्या शिकले होते. कृष्णवर्णीय प्रौढांना गोऱ्यांनी पिढ्यानपिढ्या नुसत्या नावानेच पुकारले, म्हणून त्या समाजात वडीलधाऱ्यांच्या नावाआधी 'मिस' किंवा 'मिस्टर' लावणे हे आपल्या अहो-जाहोइतकेच अर्थपूर्ण असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. खरे तर सांगायची गरज पडायला नको होती. सत्तरीच्या माणसालाही एकेरीत हाक मारण्याची रीत आपल्याकडे गावोगाव होती आणि ती कोणाच्या वाट्याला येत असे, हे मी लहानपणी आजोळी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

"मी थोडा वेळ बसलो तर चालेल का?" त्यांनी विचारले, आणि बाईंनी मान हलवल्यावरही ते लगेच बसले नाहीत. आधी त्यांनी त्यांच्या खुर्चीकडे पाहिले. "ही जरा अशी फिरवू का?" म्हणत त्यांनी ती हलकेच वळवली, म्हणजे पाठीशी भिंत आली आणि दार समोर. मग ते बोळात गेले, रक्षकाशी दोन शब्द बोलले, आणि खरखर थांबली. परत आल्यावर त्यांनी स्वतःची खुर्ची बाईंच्या समोर न ठेवता शेजारी ठेवली. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. पुढे त्यांनी विचारले, "लहानपणी कुठल्या गल्लीत राहत होतात?" बाईंनी गल्लीचे नाव सांगितले. ते पुन्हा गप्प झाले. "मग पंच्याऐंशी साली तुम्ही केवढ्या होता?"

"अकरा वर्षांची."

त्या सालाचा अर्थ मला माहीत होता, आणि तीच गोष्ट मला आजही सतावते. मी या शहरात चौदा वर्षे राहते आहे. १३ मे १९८५ रोजी फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून ओसेज ॲव्हेन्यूवरच्या एका घराच्या छपरावर बॉम्ब टाकला. 'मूव्ह' या कृष्णवर्णीयांच्या गटाची माणसे तिथे राहत होती. त्यांच्याशी शहराचा संघर्ष जुना होता, शेजाऱ्यांच्याही तक्रारी होत्या, आणि त्या दिवशी सकाळीच गोळीबार झाला होता. बॉम्बनंतर छपराने पेट घेतला, तेव्हा ती आग जळू द्यायची असे अधिकाऱ्यांनी ठरवले. या शहरातली घरे भिंतीला भिंत लावून उभी असतात, आपल्याकडच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांसारखी. ११ माणसे मेली, त्यांत ५ मुले होती. ६१ घरे जळाली आणि सुमारे २५० माणसे बेघर झाली. ती नोकरदार, काटकसरीने स्वतःचे घर केलेली कृष्णवर्णीय कुटुंबे होती. आदल्या दिवशी मातृदिन होता, आणि त्याच दिवशी पोलिसांनी शेजाऱ्यांना एका दिवसापुरते सामान घेऊन बाहेर पडायला सांगितले होते. शहराच्या परिषदेने या घटनेची अधिकृत माफी मागितली ती २०२० मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी हे उघडकीस आले की मृतांपैकी एका मुलाची असावीत अशी हाडे इथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयाने अनेक वर्षे ठेवून घेतली होती. बाईंच्या घराची हकिकत त्यांची आहे, ती मी इथे लिहिणार नाही. त्यांना कोणी ओळखू नये म्हणून वरचेही दोन-तीन तपशील बदलूनच लिहिले आहेत. एवढेच सांगते की त्या दोन दिवसांत त्या अकरा वर्षांच्या मुलीने पोलिसांच्या वायरलेसची खरखर इतकी ऐकली होती की पुढे जन्मभर तो आवाज तिच्या मानेत राहिला. आणि मी समासात लिहिले होते: 'एकाग्रता कमी'.

हे दहा प्रश्न मूळचे इथले नाहीत. १९९५ ते १९९७ या काळात कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो येथे, कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या विमाधारकांना बालपणीच्या आघातांविषयी अशा स्वरूपाचे प्रश्न विचारण्यात आले; १७ हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष मांडले, आणि लहानपणी मनावर झालेला घाव पन्नाशीत हृदयापर्यंत आणि यकृतापर्यंत पोहोचतो हे त्यातून दिसल्यावर वैद्यकाला आपली दृष्टी बदलावी लागली. त्या कामाविषयी मला अतिशय आदर आहे. मात्र उत्तरे देणारी ती माणसे बहुतांशी गोरी, विमा असलेली, बरीचशी महाविद्यालयात शिकलेली होती, आणि त्यांना विचारलेले सगळे प्रश्न घराच्या चार भिंतींच्या आतले होते. धोका घरातून येतो, बाहेरचे जग मदतीला असते, हे त्यात गृहीत होते. ज्यांच्या घरात माया होती आणि धोका वर्दी घालून बाहेरून आला, त्यांच्यासाठी त्या कागदावर जागाच नव्हती. माझ्याच शहरात २०१२-१३ मध्ये १७८४ प्रौढांना त्या दहांखेरीज आणखी प्रश्न विचारले गेले होते: वस्तीतला हिंसाचार पाहिला का, वंशावरून वाईट वागणूक मिळाली का, परक्या घरी पालनासाठी ठेवले होते का. तो अभ्यास मी वाचलेला होता. तरीही आमच्या खणात जुना कागद होता, कारण तो एका पानात मावतो, आणि त्याच्या प्रती मीच काढत असे.

माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. मानसिक आरोग्याचे काम पाहणाऱ्या अमेरिकेच्या संघीय संस्थेने २०१४ मध्ये 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर'ची, म्हणजे समोरच्याच्या आघाताचे भान ठेवून करायच्या शुश्रूषेची, सहा तत्त्वे सांगितली, ती त्यावर छापली आहेत. पहिले सुरक्षिततेचे. तिसरे तत्त्व समदुःखींच्या आधाराचे, आणि सहावे संस्कृती, इतिहास आणि लिंगभाव यांची जाणीव ठेवण्याचे. तिसरे आणि सहावे ही दोन तत्त्वे वेगवेगळी छापायलाच नको होती असे मला त्या दुपारपासून वाटू लागले आहे. त्या गृहस्थांनी खुर्ची फिरवली ती आधाराच्या तत्त्वाने की इतिहासाच्या? त्यांच्या हाताला हे दोन्ही एकच होते. मला मात्र तक्त्यावरची सहाही तत्त्वे पाठ होती आणि खुर्ची दिसली नव्हती.

घरी जाताना ट्रॉलीत मी त्यांच्या प्रश्नाचा विचार करत राहिले. लहानपणी कुठल्या गल्लीत राहत होतात? हाच प्रश्न मी विचारला असता तर बाईंनी मला काय उत्तर दिले असते, आणि त्या उत्तराचे मी काय केले असते?

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. "पूर्ण नाव सांग." १९९७ साली पुण्यातल्या एका वसतिगृहात माझी खोलीची जोडीदारीण परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली होती. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले की तिला पहिला प्रश्न तोच असे. ती नाव सांगे, मग आडनाव, मग गाव, आणि मग "म्हणजे कोणापैकी?" असे विचारून किंवा न विचारताच परीक्षक पाने चाळू लागत. मलाही पूर्ण नाव विचारत. माझ्या आडनावानंतर ते हसून वडिलांची चौकशी करत. एकदा ती अशीच परीक्षेवरून आली, चपला न काढता कॉटवर बसली आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली. मी तिला म्हणाले, "इतके मनाला लावून घेऊ नकोस." हे मी प्रेमाने म्हणाले होते, आणि त्या वाक्याने तिच्या चेहऱ्यावर जे दार बंद झाले ते मला दिसले होते. पुढे तिचे जेवण तुटले, परीक्षा जवळ आली की ताप येऊ लागला. वसतिगृहाच्या डॉक्टरांनी टॉनिक दिले आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. अभ्यास नियमित करतेस ना, असेही विचारले.

मग वरच्या वर्गातली एक मुलगी रोज रात्री आमच्या खोलीत येऊ लागली. ती हिच्याच समाजातली होती, लातूरकडची. थंडीचे दिवस होते आणि खोबरेल तेल गोठलेले असायचे, म्हणून ती निळी बाटली गरम पाण्याच्या मगात बुडवून आणत असे. हिला पुढ्यात खाली बसवायची आणि केसांना सावकाश तेल लावत बोलत राहायची. "माझ्या वेळी तर त्याने फाईल उघडूनसुद्धा पाहिली नव्हती." एवढे ती सांगे, त्यावर ही काही बोले, आणि कधी कधी दोघी हसतसुद्धा. तेल जिरल्यावर सराव सुरू होई. ती म्हणे, "आता मी परीक्षक. पूर्ण नाव सांग." ही सांगे. "आवाज पडला. पुन्हा." ही पुन्हा सांगे. आठ-दहा वेळा, आडनावाशी आवाज खाली न येता नाव पूर्ण होईपर्यंत हे चाले. मी माझ्या कॉटवर पुस्तक उघडून तेच पान वाचत असे. दोन वर्षे आम्ही एका डब्यात जेवलो होतो. तिच्या घरच्या तिळाच्या चटणीची चव मला अजून आठवते. त्या रात्री मला वाईट वाटे, आणि त्या वाईट वाटण्यात थोडा मत्सर होता हे आज पंचवीसहून अधिक वर्षांनी लिहायला हरकत नाही. मला तिच्यासाठी सगळे करायचे होते, पण जे करायला हवे होते ते माझ्याकडे नव्हते. तो परीक्षक मला कधी भेटलाच नव्हता; मला भेटला तो माझ्या वडिलांची चौकशी करणारा गृहस्थ.

वंश आणि जात एकच नव्हेत, आणि घाईने एकीवर दुसरी बसवायला मी तयार नाही. पण हा धागा जोडणारी मी पहिली नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला होता, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याहून मला जवळचे वाटते ते बाबासाहेबांचे एक पत्र. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिले की भारतातल्या अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी मिळतीजुळती आहे की या प्रश्नाचा अभ्यास आवश्यकच आहे. संयुक्त राष्ट्रांपुढे तिथल्या कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी त्याच जुलैमध्ये आदराने उत्तर पाठवले. हेच ड्यू बॉइस १८९६ मध्ये तरुण वयात फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात येऊन राहिले होते आणि प्रश्नावली हातात घेऊन दारोदार फिरले होते. तो वॉर्ड आज महागड्या घरांचा आहे. सुट्टीच्या दिवशी मी त्या रस्त्यांवरून हिंडते. कृष्णवर्णीय घरांतून आपले मोकळ्या मनाने स्वागत झाले नाही, लोकांना आपण अभ्यासाची वस्तू होणे आवडत नव्हते, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. ते स्वतः कृष्णवर्णीय होते, तरी हातातल्या कागदाने त्यांनाही दारातच उभे केले. मला याचा आधार वाटतो आणि भीतीही वाटते.

त्याच वॉर्डाच्या कडेला, सहाव्या रस्त्याच्या आणि लोम्बार्ड रस्त्याच्या कोपऱ्यावर, 'मदर बेथेल' हे चर्च आहे. ते उभारणारे रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सहकारी ॲबसॉलोम जोन्स दोघेही जन्माने गुलाम. १७८७ मध्ये त्या दोघांनी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' काढली. सभासदांनी महिन्याला एक शिलिंग टाकायचा आणि त्यातून आजाऱ्यांना, विधवांना, पोरक्या मुलांना पाहायचे, अशी ती योजना होती. आपल्याकडची भिशी किंवा गिरणगावातल्या गाववाल्यांची खोली आठवावी अशी. १७९३ मध्ये या शहरात पिवळ्या तापाची साथ आली. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही अशी बेंजामिन रश या नामांकित डॉक्टरांची समजूत होती, आणि त्यांच्या विनंतीवरून या संस्थेची माणसे गोऱ्या रुग्णांच्या घरी शुश्रूषेला गेली, त्यांनी प्रेते उचलली, कबरी खणल्या. समजूत खोटी होती. तीही माणसे तापाने मेली. साथीत एकूण सुमारे ५००० बळी गेले, आणि साथ ओसरल्यावर एका गोऱ्या प्रकाशकाने या शुश्रूषा करणाऱ्यांवरच लुबाडणुकीचा आळ घेतला. ॲलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये पुस्तिका छापून, जमाखर्चासकट, त्याला उत्तर दिले. रश गुलामीच्या विरोधात होते, ॲलन यांचे हितचिंतकही होते. तरी काळी त्वचा हा महारोगाचा प्रकार आहे असा निबंध त्यांनीच लिहिला, आणि अमेरिकी मानसोपचाराचे जनक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. त्यांचे रुग्णालय चर्चपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर अजून चालू आहे. पुढे १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या दक्षिणेतल्या डॉक्टरांनी मालकापासून पळून जाण्याच्या गुलामाच्या इच्छेला 'ड्रेपेटोमॅनिया' असे रोगाचे नाव दिले. आजही सारख्याच लक्षणांसाठी कृष्णवर्णीय माणसाच्या कागदावर स्किझोफ्रेनिया हा शब्द गोऱ्या माणसापेक्षा अधिक वेळा लिहिला जातो, हे एकामागून एक अभ्यासांत दिसले आहे. आमच्या दवाखान्यात पाऊल टाकणारी बाई हा सगळा इतिहास वाचून येत नाही. तिला तो आजीकडून, मावशीकडून, 'डॉक्टरांना सगळे सांगू नकोस' अशा साध्या वाक्यातून मिळालेला असतो.

म्हणून त्या गृहस्थांचे काम काय आहे हे मी अधिक लक्षपूर्वक पाहू लागले, आणि जे दिसले त्याने माझी झोप उडाली. जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यातून, म्हणजे मेडिकेडमधून, समदुःखींच्या आधाराला पैसे देण्याची वाट पहिल्यांदा उघडली, आणि २००७ मध्ये संघीय सरकारने तसे पत्रच सर्व राज्यांना पाठवले. ही फार मोठी गोष्ट होती, कारण ज्याने मनोरुग्णालय आतून पाहिले त्याच्या ज्ञानाला प्रथमच मोल आले. पण ते मोल पंधरा मिनिटांच्या मापाने मोजले जाते. प्रत्येक पंधरा मिनिटांत काय केले, कोणत्या उद्दिष्टासाठी केले, हे त्यांना संगणकावर भरावे लागते. त्या दुपारी ते बाईंच्या शेजारी पाऊण तास बसले, त्यातली पंचवीस-तीस मिनिटे दोघेही गप्प होते. संध्याकाळी मी त्यांना संगणकापुढे बसलेले पाहिले. दोन बोटांनी ते एकेक अक्षर शोधून टंकत होते. शांत बसण्याला कोणते उद्दिष्ट लिहायचे, असे त्यांनी मला विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. त्यांचा पगार माझ्या पगाराच्या निम्म्याहून कमी आहे. रुग्णांविषयीच्या साप्ताहिक बैठकीत ते भिंतीलगतच्या खुर्चीवर बसतात आणि उपचार कोणता करायचा हे ठरवताना त्यांचे मत कोणी नोंदवत नाही. प्रतीक्षागृहात एखादा कृष्णवर्णीय तरुण मोठ्याने बोलू लागला की मात्र सगळ्यांना त्यांची आठवण होते. "तुम्ही घाबरता तेव्हा मला बोलावता," असे ते एकदा सहज म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. देणगीदारांच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांनी आपली कहाणी सांगावी असा आग्रह होतो. दोन वर्षांपूर्वी एका अनुदानाच्या अर्जासाठी ती कहाणी त्यांच्याकडून मीच लिहून घेतली होती. त्यांच्या आईच्या मृत्यूचा भाग मी वरच्या परिच्छेदात आणला, कारण तो अधिक परिणाम करेल असे मला वाटले. त्यांनी मसुदा वाचला आणि परत दिला. "ठीक आहे," म्हणाले. अनुदान मिळाले. त्यांच्या पगारात त्यातला एक डॉलरही गेला नाही, आणि मी तेव्हा तशी मागणीही केली नाही.

इथल्या मराठी मंडळात मी कुठे काम करते हे सांगितले की लोक काळजीने विचारतात, "तो भाग सुरक्षित आहे का?" ते माझ्यावरच्या मायेने विचारतात, हे मी जाणते. आपण सगळे या देशात येऊ शकलो तो १९६५ चा कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यानेच शक्य झाला, आणि तोवर त्या लढ्यात किती जणांचे जीव गेले होते, हे तिळगुळाच्या कार्यक्रमात सांगण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. मी फक्त म्हणते, "माझ्याशी तिथे सगळे चांगले वागतात." हे खरे आहे. माझ्याशी सगळीकडेच चांगले वागतात.

बाई तीन आठवड्यांनी पुन्हा आल्या. तोवर बैठकीत मी तो कागद बदलण्याचा विषय काढला होता, आणि त्या गृहस्थांनी भिंतीलगतची खुर्ची टेबलाशी ओढावी असेही म्हणाले होते. पहिले मान्य झाले. दुसऱ्यावर विचार करू असे उत्तर मिळाले. पगाराचा अर्ज मी लिहून दिला आहे, या वेळी त्यांची कहाणी न घालता. मात्र बाईंच्या कागदावरचे शून्य तसेच होते. संगणकात गेलेली नोंद मागाहून बदलता येत नाही, तिच्याखाली फक्त पुरवणी जोडता येते. मी पुरवणीचा मसुदा छापून आणला आणि त्यांना, 'मिस' म्हणून, विचारले की वाचून पाहाल का. त्यांनी पर्समधून चष्मा काढला. ते गृहस्थ त्यांच्या शेजारी बसलेले होते, दोघांच्या पाठीशी भिंत होती. मी कुठे बसू, असे मी विचारले, तेव्हा बाईंनी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

तीन ओळींचीच पुरवणी होती. त्या सावकाश वाचत होत्या, बोट ओळीखालून सरकत होते. बोळात माणसांचा वावर होता, खरखर नव्हती. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर बोट थांबले. वयाच्या अकराव्या वर्षी वस्तीत लागलेल्या आगीत घर गमावले, अशा अर्थाचे माझे वाक्य होते. इंग्रजीतले ते क्रियापद मराठीत आणायचे तर 'आग लागली' असेच होईल.

"लागली नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला आणि मी पेन दिले. तो शब्द त्यांनी एका सरळ रेघेने खोडला आणि वर, शाळेतल्या मुलांना फळ्यावर वाचता यावे तशा सुट्या अक्षरांत, दुसरा लिहिला. जळू दिली. मग कागद आधी त्यांच्या शेजाऱ्यांना दाखवला, आणि नंतर मला.